मी दिलेले शून्य

कॅडेट, इयत्ता दहावी

१ मे २०२५ रोजी मी एका अकरा वर्षांच्या मुलीला एका प्रश्नासाठी शून्य गुण दिले. प्रश्न असा होता: 'छत्रपती शिवाजी महाराज चेन्नईच्या कालिकांबाळ मंदिरात कोणत्या दिवशी आले?' उत्तर हवे होते ३ ऑक्टोबर १६७७. तिने लिहिले, 'आले असे सांगतात. पण देऊळ तेव्हा कुठे होते?' मी तांबड्या पेनाने फुली मारली आणि समासात शेरा लिहिला, 'उत्तर लिहा, प्रश्न विचारू नका.' त्या एका गुणाने तिचा पहिला नंबर हुकला. ती माझी मामेबहीण. दुसऱ्या दिवसापासून तिने मंडळात येणे बंद केले.

मी चुकलो, हे तिला सांगून झाले आहे. ते पुन्हा सांगण्यासाठी हा लेख नाही. पण अशी फुली मुलांच्या इतिहास मंडळांत सगळीकडेच मारली जाते असे मला वाटू लागले आहे. आपल्या शाळेच्या फळ्यावर २६ जानेवारीला जे तक्ते लागतात ते करणाऱ्यांत मीही असतो, त्यामुळे हे आपल्यालाही लागू आहे.

आधी आमचे मंडळ कुठले ते सांगतो. माझे घर चेन्नईत, जॉर्ज टाउनमधल्या साहुकारपेठेत आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. गलाई म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे. ज्या शहरात सराफ बाजार आहे तिथे बहुतेक ठिकाणी आपल्याकडचा एखादा गलाईवाला भट्टीपुढे बसलेला सापडतोच. वडील मिंट स्ट्रीटच्या आतल्या एका गल्लीत हेच काम करतात. गल्लीत मारवाडी, गुजराती, तेलुगू, तमिळ आणि आम्ही. माझ्या धाकट्या भावंडांचे भांडण हिंदीत सुरू होते, तमिळमध्ये रंगते आणि आई मध्ये पडली की मराठीत संपते. मी पाचवीपासून वसतिगृहात आहे, म्हणून माझे मराठी बरे राहिले.

या गल्लीतल्या पंधरा-वीस मराठी मुलांसाठी मोठ्या माणसांनी बालमंडळ चालवले आहे. १९ फेब्रुवारीला भाषणे, १५ ऑगस्टला प्रभातफेरी, उन्हाळ्यात वारसा-फेरी आणि १ मेला प्रश्नमंजूषा. दिवाळीत किल्ला. चेन्नईत दिवाळीच्या सुमारास परतीचा नव्हे, खराखुरा पावसाळा असतो. महाराष्ट्रात मुले मावळे मांडून फराळाला जातात, आमच्याकडे एक जण प्लॅस्टिकचा कागद धरून पहाऱ्यावर असतो. एका वर्षी प्रतापगड एका रात्रीत वाहून जिन्यावरून खाली आला आणि खालच्या गुजराती काकूंनी तो खराट्याने गटारात लोटला. तरीही दरवर्षी किल्ला होतो. माती नसते, म्हणून बांधकामावरची वाळू आणि सिमेंटची रिकामी पोती वापरतो.

मंडळाचे काम एक काका पाहतात. दिवसभर भट्टीपुढे बसून संध्याकाळी मुलांना गोळा करणारा माणूस कसा असतो हे ज्याने पाहिले आहे तो त्यांच्याविषयी वेडेवाकडे बोलणार नाही. मीही बोलणार नाही. माझे त्यांच्याशी पटत नाही ते एकाच गोष्टीवर.

उन्हाळ्याच्या फेरीत आम्ही घरातून चालत निघतो. एन. एस. सी. बोस रोडने पॅरीज कॉर्नरपर्यंत, मग तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळ मंदिर. मंदिरात महाराजांच्या भेटीची आठवण म्हणून तारीख लिहिलेली आहे. तिथे काका सगळ्यांना रांगेत उभे करतात आणि सांगतात, की दक्षिण दिग्विजयाच्या वेळी महाराज वेषांतर करून इथे देवीच्या दर्शनाला आले. भोवती इंग्रजांचे गाव, हाकेवर त्यांचा किल्ला, आणि महाराज एकटे. हे ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. मग आम्ही हायकोर्टाच्या भिंतीपाशी जातो, तिथून सेंट जॉर्ज किल्ल्यात. किल्ल्यातले संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे आम्हाला एका शुक्रवारी समजले.

या फेरीवरून मी ती प्रश्नपत्रिका काढली होती. वीस प्रश्न, वीस गुण.

जूनमध्ये शाळेत परतलो. पहिल्याच महिन्यात गस्तीचा सराव झाला. आमच्या तुकडीला टेकडीपलीकडच्या वाडीपर्यंत जाऊन यायचे होते आणि परतल्यावर उस्तादांना अहवाल द्यायचा होता. मी म्हणालो, ओढ्यावर पूल आहे, गाडी जाऊ शकते. उस्तादांनी विचारले, "देखा या सुना?" मी ऐकले होते, एका गुराख्याकडून. उस्ताद रागावले नाहीत. ते म्हणाले, ऐकलेलेही लिही, ते उपयोगाचे असते, पण 'ऐकले' म्हणून लिही आणि कोणाकडून ऐकले तेही लिही. पाहिलेल्याच्या रांगेत बसवलेस, तर तुझ्या भरवशावर कोणीतरी गाडी घेऊन जाईल.

त्या रात्री दिवे बंद झाल्यावर मला ती उत्तरपत्रिका आठवली. 'आले असे सांगतात.' सहावीतल्या मुलीने अहवाल बरोबर लिहिला होता. दहावीतल्या कॅडेटला तो वाचता आला नव्हता.

मग मी शाळेच्या ग्रंथालयात बसलो आणि इतिहासाच्या सरांच्या मागे लागलो. १६७७ मध्ये महाराज मद्रासच्या परिसरातून गेले, यात काही शंका नाही. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाला भेटून ते कर्नाटकात उतरले. त्याच वर्षी मे महिन्यात जिंजी ताब्यात आली, पुढे व्यंकोजीराजांची भेट झाली. मद्रासचे इंग्रज अर्थातच धास्तावले होते. त्यांचा गव्हर्नर तेव्हा सर विल्यम लँगहॉर्न होता. मे १६७७ मध्ये महाराजांचा माणूस पत्र घेऊन सेंट जॉर्ज किल्ल्यात आला. पत्रात मागणी होती विषावरच्या उताऱ्याच्या औषधांची आणि तशाच काही दुर्मीळ वस्तूंची. आम्ही किंमत देतो, असे महाराजांचे म्हणणे. इंग्रजांनी वस्तू पाठवल्या, पैसे घेतले नाहीत. कोणाला दुखवायचे नाही हे त्यांना चांगले समजत होते. पुढे महाराजांनी तटबंदीच्या आणि युद्धाच्या कामातले जाणकारही मागितले. ते मात्र इंग्रजांनी दिले नाहीत. हे सगळे कंपनीच्या स्वतःच्या दप्तरात, त्याच काळात लिहिलेले आहे.

कालिकांबाळच्या भेटीची नोंद मात्र त्या दप्तरात अभ्यासकांना मिळालेली नाही. ती कथा परंपरेने आलेली आहे. शिवाय मंदिर आधी किल्ल्याच्या बाजूला, समुद्राजवळ होते आणि नंतर तंबू चेट्टी स्ट्रीटवर आले, असे तिथेच सांगतात. म्हणजे माझ्या बहिणीचा 'देऊळ तेव्हा कुठे होते' हा प्रश्न आगाऊपणाचा नव्हता. परीक्षकाला तो सुचायला हवा होता.

मी हे सगळे रविवारच्या फोनवर काकांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "अरे, वेषांतर करून आलेल्या माणसाची नोंद कशी सापडेल?"

हा मुद्दा तगडा आहे. मी दोन आठवडे त्याच्यावर अडकलो. लपून आलेल्याची नोंद नसणे हे स्वाभाविक आहे, त्यामुळे 'नोंद नाही म्हणून आलेच नाहीत' असे कोणी म्हणाले तर तेही चूक ठरेल. पण 'नोंद नाही, यावरूनच वेषांतर किती चांगले होते ते समजते' असे म्हणू लागलो तर मग काहीही सिद्ध करता येईल. आणि वेषांतराची नोंद कधी राहतच नाही असेही नाही. आग्र्याहून महाराज निसटले, तेव्हाची राजस्थानी पत्रे आहेत. छत्रपती राजाराम महाराज १६८९ मध्ये वेष पालटून, मोगलांना चुकवत रायगडाकडून जिंजीपर्यंत गेले. त्या प्रवासावर केशव पंडिताने १६९० च्या सुमारास 'राजारामचरितम्' हे संस्कृत काव्य लिहिले. ही वेषांतराची गोष्ट आमच्याच तमिळनाडूत येऊन संपते आणि तिला समकालीन आधार आहे. ती माझ्या वीस प्रश्नांत नव्हती. मला ती माहीतच नव्हती.

राजाराम महाराज जिंजीला पोहोचल्यावर मोगलांनी वेढा दिला. किल्ला पडला तो १६९८ मध्ये, आणि त्याआधीच महाराज निसटले होते. सुमारे आठ वर्षे मराठ्यांची गादी घरापासून दिवसेंदिवसांच्या वाटेवर, तमिळ मुलुखातल्या तीन डोंगरांच्या किल्ल्यात होती. आमच्या गल्लीपासून तो किल्ला साधारण दीडशे किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी. बालमंडळाची सहल जिंजीला एकदाही गेलेली नाही. एका दिवसाची बस ठरवायची म्हटले की खर्च निघतो आणि विषय तिथेच संपतो. कालिकांबाळला चालत जाता येते. आम्ही कोणता इतिहास शिकतो हे थोडेसे बसभाड्यावरही ठरते, असे माझे मत झाले आहे.

काकांचे दुसरे म्हणणे याहून अवघड होते. ते फोनवर नाही, दिवाळीत समोर बसून म्हणाले.

"तुला वसतिगृहात मराठी आयतं मिळतं. ही पोरं दिवसभर तमिळ आणि इंग्रजी ऐकतात. गावी गेली की त्यांना मद्रासी म्हणतात, इथं त्यांना मारवाडी समजतात. या एवढ्या शहरात हे आपलं आहे असं म्हणायला त्यांना एक देऊळ आहे, एक तारीख आहे. तेवढंही तू काढून घेणार?"

मी तेव्हा काहीच बोललो नाही. ते खरे बोलत होते. मला स्वतःला सुट्टीत गावी 'मद्रासी' म्हटले गेले आहे, शाळेत पहिल्या वर्षी 'सांबार' म्हटले गेले आहे. तेव्हा मी खोलीतल्या मुलांना काय सांगितले होते, तर आमच्या गल्लीजवळ महाराज येऊन गेले. मुले गप्प झाली होती. त्या तारखेने मला वाचवले होते.

पण विचार करता करता मला वाटू लागले, की आधार म्हणून मुलांच्या हातात एकच गोष्ट द्यायची आणि ती पक्की नसावी, यात मुलांचे नुकसान जास्त आहे. उद्या कॉलेजात एखादा मुलगा विचारील, पुरावा काय? तेव्हा आमच्या पोराजवळ रागावण्याशिवाय दुसरे काही उरणार नाही. त्याच पोराला मे १६७७ चे पत्र माहीत असेल तर तो म्हणेल, देवळातली भेट ही परंपरा आहे, मी तिथे नमस्कार करतो. आणि किल्ल्यात आलेले पत्र हे कागदावर आहे, जाऊन बघ. मी आजही कालिकांबाळला गेलो की हात जोडतो आणि त्या तारखेकडे पाहतो. हात जोडायला मला पुरावा लागत नाही. गुण द्यायला लागतो.

आणि महाराजांच्या बाबतीत 'कशावरून?' विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे मराठी माणसाने तरी म्हणू नये. आपण १९ फेब्रुवारी ही तारीख कशी साजरी करतो? पूर्वी महाराजांचा जन्म १६२७ मधला धरला जाई. लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याची शकावली उजेडात आणली, तिच्यात शके १५५१ ची तिथी होती. त्यावर वर्षानुवर्षे वाद झाले, दुसरे कागद तपासले गेले, आणि शेवटी शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली. तिथीने उत्सव करणारे आजही आहेतच. या सगळ्या वादात महाराजांविषयीचा आदर तसूभर कमी झाला का? ज्यांनी तारीख तपासली ते आपल्यापेक्षा कमी शिवभक्त होते का? आमच्या मंडळात ही गोष्ट सांगितली, तर तोफांच्या लढाईइतकीच रंगेल.

घरी वडील दिवसभर हेच करतात. गिऱ्हाईक म्हणते, बावीस कॅरेटचे आहे, आजीच्या बांगड्या आहेत. वडील नाही म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत. टंच काढतात. त्यात आजीचा अपमान झाला असे अजून कोणी म्हटलेले नाही.

आता हायकोर्टाच्या भिंतीकडे येतो, कारण तिथे मी स्वतः आणखी एक घोळ घातला होता. पहिल्या महायुद्धात, २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री, 'एम्डन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या. बंदराजवळच्या बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. कप्तान होता कार्ल फॉन म्युलर. अर्ध्या तासात जवळजवळ १३० गोळे सोडून जहाज अंधारात निघून गेले. एक गोळा जिथे पडला तिथे हायकोर्टाच्या आवारभिंतीपाशी फलक आहे. तमिळमध्ये अजूनही जबरदस्त, कोणाला न जुमानणाऱ्या माणसाला 'एम्डन' म्हणतात. माझा तमिळ मित्र त्याच्या आजोबांना म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे. सैनिकी शाळेतल्या मुलाला या ठिकाणी उभे राहून किती शिकण्यासारखे आहे! शहर दिव्यांनी लखलखत होते म्हणून जहाजाला नेम धरता आला, ही एवढी एक गोष्ट तासभर पुरेल.

मी मात्र तिथे मुलांना भलतेच सांगितले. त्या जहाजावर चेंबकरामन पिळ्ळै हे भारतीय क्रांतिकारक होते आणि कुठे गोळे टाकायचे ते त्यांनीच दाखवले, असे मी ठासून सांगितले. ही गोष्ट तिकडे फार प्रसिद्ध आहे. मुलांना ती म्युलरपेक्षा जास्त आवडली. ग्रंथालयात पाहिले तर पिळ्ळै त्या दिवसांत युरोपात होते. ते खरोखरच मोठे क्रांतिकारक होते, जर्मनीत राहून त्यांनी ब्रिटिशांविरुद्ध काम केले. जे त्यांनी केले ते न सांगता जे केले नाही ते मी त्यांच्या नावावर घातले. याला आदर कसे म्हणायचे?

कालिकांबाळविषयीही एक पक्की गोष्ट आम्ही अशीच सोडून देतो. तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती 'स्वदेशमित्रन्' या वर्तमानपत्रात काम करायचे, तेव्हा ते या मंदिरात येत असे सांगतात. ते 'सांगतात' मध्येच राहू द्या. पण त्याच भारतींनी शिवाजी महाराजांवर तमिळमध्ये कविता लिहिली, महाराज आपल्या सैन्याशी बोलत आहेत अशी, ती छापलेली आहे. आमच्या गल्लीतली तमिळ मुले वारसा-फेरीला कधी येत नाहीत, कारण आम्ही त्यांना बोलावतच नाही. ही कविता वाचायला एखाद्या तमिळ मुलाला बोलावले, तर आमच्या पोरांना अर्थ त्याला विचारावा लागेल, आणि त्याला महाराजांविषयी आम्हाला.

पॅरीज कॉर्नरला डेअर हाउसपाशी एक बुटका दगडी खांब आहे. मंडळ त्याच्या पुढून जाते, थांबत नाही, कारण तो इंग्रजांचा. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले, १७५८-५९ मध्ये पुन्हा वेढा दिला. किल्ल्याजवळची वस्ती शत्रूला आडोसा देते हे इंग्रजांना तेव्हा कळले. किल्ल्यापुढची जुनी वस्ती, तिला ते ब्लॅक टाउन म्हणत, काढून टाकली आणि तोफांच्या माऱ्यासाठी मैदान मोकळे ठेवले. त्याची हद्द दाखवायला १७७३ मध्ये सहा खांब उभारले, त्यातला हा एक उरला. ब्लॅक टाउन पुढे उत्तरेला सरकले आणि १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्जच्या नावाने त्याचे जॉर्ज टाउन झाले. आमच्या पत्त्यावर जे नाव आहे त्याचा उगम असा आहे. लोकांची घरे कोणाच्या तोफेला वाट करून देण्यासाठी पाडली गेली, हे शिकवायला देशभक्तीच्या मंडळाला हरकत काय? माझ्या मते तर हा धडा पहिला हवा.

किल्ल्यातल्या संग्रहालयात १५ ऑगस्ट १९४७ ला सेंट जॉर्ज किल्ल्यावर फडकलेला तिरंगा काचेआड ठेवला आहे. तो २०१३ पासून सर्वांना पाहता येतो. तिथे मंडळातला कोणी घोषणा देत नाही. दिवा मंद आहे, कापड जुने आहे, सगळे आपोआप हळू बोलतात. आमच्या फेरीतली ती पाच मिनिटे मला सगळ्यात जास्त आवडतात.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी घराबाहेरही पडावे लागत नाही. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आबा राहायचे. गावातून मुलगा असताना आले, दुसऱ्याच्या भट्टीवर राबले, मग स्वतःची भट्टी टाकली. या गल्लीत पहिला मराठी गलाईवाला कोण आला, कोणाकडे उतरला, गणपती पहिल्यांदा कुठे बसला, हे सगळे ते संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायचे आणि आम्ही 'हो आबा, हो आबा' करत क्रिकेट खेळायला पळायचो. गुडघे गेले म्हणून ते या वर्षी गावी परतले. गल्लीतल्या कोणालाही आता वर्षे सांगता येत नाहीत. वारसा मंडळाने साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक तारीख पाठ केली आणि खालच्या मजल्यावरचा साक्षीदार निघून गेला, त्याला कोणी एक वही घेऊन भेटले नाही. यात मीही आलो. पुढच्या सुट्टीत मी आधी गावी उतरणार आहे, वही घेऊन.

दिवाळीत आम्ही जिंजी केली. तीन डोंगर, मध्ये तट, राजगिरीवर जायला काड्यांचा उचलता पूल. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले आणि प्लॅस्टिक धरायला माणसे कमी पडली, तेव्हा माझी बहीण वर आली. मंडळात आली नव्हती, फक्त कागद धरायला आली होती, हे तिने स्पष्ट सांगितले. पाऊस पडत असताना मी तिला उस्तादांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग माझा गुण दे." मी दिला. पहिल्या नंबरचे पुस्तक मात्र मेमध्येच दुसऱ्या मुलाला गेले होते आणि त्याने ते गावी चुलतभावाला देऊन टाकले होते.

किल्ल्यापुढे लावायच्या चिठ्ठ्या तिने लिहिल्या. तिची कल्पना अशी, की त्या काळच्या कागदात जे सापडते ते पांढऱ्या कागदावर आणि लोक सांगत आले ते पिवळ्यावर. राजाराम महाराजांचा वेढा पांढरा झाला. तळघरातून देवगिरीपर्यंत भुयार जाते असे एका लहान मुलाने सांगितले, ते पिवळ्यावर गेले. तो खूश, कारण पिवळी चिठ्ठी जास्त उठून दिसत होती. बघायला आलेली मोठी माणसे पिवळ्या चिठ्ठ्यांपाशी जास्त वेळ थांबत होती आणि आपल्याला ठाऊक असलेल्या आणखी गोष्टी सांगत होती. कोणाचीही श्रद्धा गेलेली दिसली नाही.

काकांनी चिठ्ठ्या वाचल्या. चांगले केले म्हणाले. पण प्रश्नमंजुषेत तो प्रश्न तसाच राहील, परीक्षा ही परीक्षा असते, हेही म्हणाले. १ मेला अजून वेळ आहे. रविवारी माझी फोनची पाळी आहे, तेव्हा पुन्हा विचारणार आहे.